तांबेवाहकाची नेमणूक

माणूस काय काम करतो यापेक्षा त्याच्या नावापुढे कोणतं काम लिहिलेलं आहे हे जास्त महत्त्वाचं असतं, ही गोष्ट कोणत्याही सुव्यवस्थित समाजाला उशिरा का होईना पटते. शरीरातली प्रथिनं या बाबतीत फारच मागासलेली आहेत. पेशीपेशींतून ती अहोरात्र राबत असतात. कोणी ओझी वाहतं, कोणी कापतं, कोणी सांधतं, कोणी दारावर उभं राहून आत-बाहेर सोडतं. पण आपण काय करतो हे कुठे लिहून ठेवावं, एवढी साधी शिस्त त्यांना नाही. ती लावण्यासाठी प्रथिन कार्यनिश्चिती विभाग स्थापन करण्यात आला.

प्रथिन म्हणजे एक माळ असते. वीस प्रकारचे मणी, प्रत्येक मण्याला एक अक्षर. यंत्रातून या अक्षरांची लांबच लांब ओळ बाहेर पडते. मध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्ह नाही, अर्थ तर नाहीच. (विभागाचा वार्षिक अहवालही याच शैलीत असतो.) पूर्वीच्या अडाणी काळात एखादं प्रथिन काय करतं हे कळायला ते तयार करून, गाळून, बाटलीत घेऊन बघावं लागे. त्यात वर्षं जात आणि शेवटी एकाच प्रथिनाचं काम समजे. आता नवी ओळ आली की संगणक ती जुन्या ओळींशी ताडून बघतो, हिचे नातेवाईक कोण ते सांगतो, आणि नातेवाईक जे करतात तेच काम हिलाही नेमून देण्यात येतं. जेवणाच्या सुट्टीनंतर बसलं तर चहा येईपर्यंत दोनेकशे नेमणुका सहज उरकतात. विभागाच्या आकडेवारीनुसार सत्त्याण्णव टक्के नेमणुका नात्यावरून होतात, दोन टक्के टंकलेखनातल्या चुकांमुळे होतात, आणि उरलेल्या एक टक्का प्रथिनांकडे कोणीतरी प्रत्यक्ष पाहिलेलं असतं. (हा एक टक्का अहवालात 'अनुशेष' या सदराखाली दाखवतात. तो दरवर्षी घटतो आहे, हे नमूद करताना विभागाला समाधान वाटतं.)

शास्त्र मुळात प्रामाणिक असल्यामुळे प्रत्येक नेमणुकीपुढे 'बहुधा' हा शब्द लिहायची पद्धत आहे. पण जागतिक नोंदणीत कामाच्या रकान्यात आठच अक्षरं मावतात. मजकूर लांबला की आधी 'बहुधा' जातं. अशा रीतीने गेल्या काही वर्षांत शास्त्रातली अनिश्चितता बरीच आटोक्यात आली आहे.

या विभागात प्रथिनांची घराणी लावण्याचं काम एक बाई करत. त्यांना सगळे वंशावळबाई म्हणत. तोंडावर 'मॅडम', पाठीमागे वंशावळबाई, आणि खूप दमल्यावर तोंडावरही वंशावळबाई. कोणतीही अक्षरांची ओळ त्यांच्यासमोर ठेवा, हिची चुलत बहीण कोण, सावत्र आजी कोण, कुठल्या शाखेत हिचं जमत नाही, हे त्या अर्ध्या तासात सांगत. हे कौशल्य त्यांना विद्यापीठात मिळालं असं प्रमाणपत्रात म्हटलं असलं, तरी त्याची खरी तालीम सासरी झाली होती. त्यांच्या सासूबाई घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं तोंड पाहून त्याचं काम ठरवत. बाईंची मुलगी जन्मली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हनुवटी बघा, अगदी आत्यावर गेलीय. ही गाणार." मुलीला सहा वर्षं गाण्याच्या क्लासला घातलं. शेवटी क्लासच्या मास्तरांनीच हात जोडले. त्यानंतर बाईंनी नणंदेला विचारलं, की वन्सं, तुम्ही गाणं कधी सोडलंत? नणंद म्हणाली, "मी कधी गायले? मी आमच्या आजीवर गेलेय ना, आजी गायची म्हणे." आजीचं गाणं ऐकलेलं घरात कोणी हयात नव्हतं.

एवढा अनुभव गाठीशी असूनही वंशावळबाईंनी कार्यालयात कधी शंका काढली नव्हती. घरची गोष्ट वेगळी, शास्त्राची वेगळी, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असे.

एके दिवशी त्यांना मुलांच्या इस्पितळातल्या एका डॉक्टरांचा फोन आला.

"एक मुलगी आहे, साडेपाच वर्षांची," डॉक्टर म्हणाले. "पायांत जोर राहिलेला नाही. जिना चढता येत नाही, बसली की उठायला हात द्यावा लागतो. तपासणीत एका प्रथिनाचं एक अक्षर बदललेलं सापडलंय. नोंदणीत बघितलं तर ते तांबेवाहक आहे. तांबं वाहणारं प्रथिन बिघडलं, म्हणजे तांबं साठत असणार. म्हणून तांबं काढून टाकणारं औषध सुरू केलंय."

"मग गुण आहे?"

"उलट्या आहेत." डॉक्टर म्हणाले. "तुम्ही त्या प्रथिनाचा आकार काढून द्याल का? म्हणजे नेमकं काय बिघडलंय ते दिसेल. औषध वाढवायचं की नाही ते ठरवता येईल."

बाई त्याच आठवड्यात इस्पितळात जाऊन आल्या. खरं तर जायची गरज नव्हती. विभागातल्या कोणी आजवर एखाद्या प्रथिनाच्या मालकाची भेट घेतलेली नव्हती. मुलगी खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिचे वडील बस चालवत, आई एका शाळेच्या भांडारात कामाला होती. दोघांनीही तांब्याचा बंदोबस्त कडक ठेवला होता. चॉकलेट बंद, शेंगदाणे-बदाम बंद, मशरूम बंद. घरातली तांब्याची किटली शेजारणीला देऊन टाकली होती. वडिलांनी दारावरची घंटाही काढली होती, कारण तिच्या तारेत तांबं होतं.

"घंटेनं काही होत नाही हो," बाई म्हणाल्या.

"ते मलाही कळतं," वडील म्हणाले. "पण घरी बसून नुसतं बघत बसवत नाही. काहीतरी काढून टाकावंसं वाटतं."

मुलीने बाईंना विचारलं, "तू चॉकलेट परत चालू करणारी डॉक्टर आहेस का?"

"मी डॉक्टर नाही," बाई म्हणाल्या. "मी अक्षरं वाचते."

"मलापण येतात," मुलगी म्हणाली, आणि पुन्हा उशीला टेकली.

बाईंनी कार्यालयात येऊन त्या प्रथिनाची ओळ यंत्रात घातली. आकार काढायचं यंत्र विभागाचं भूषण होतं. माळ कुठे वळेल, कुठे पिळा पडेल, कुठे घडी बसेल, हे सगळं ते स्वतःच ठरवतं आणि जिथे त्याला पूर्ण खात्री असते तो भाग गडद निळ्या रंगात दाखवतं. हे प्रथिन जवळजवळ सगळंच गडद निळं निघालं. मधोमध एक सुंदर पोकळी होती, ओंजळीसारखी. मुलीचं बदललेलं अक्षर नेमकं त्या ओंजळीच्या काठावर होतं.

संचालक मुद्दाम बघायला आले. संचालक उंच होते, त्यांचा कोट कायम नुकताच इस्त्री केलेला असे, आणि 'एकमत' हा त्यांचा आवडता शब्द होता. ते पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"या ओंजळीत तांबं बसत असणार," ते म्हणाले. "फारच देखणं. पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेवर घेऊ. मार्चच्या पानावर."

संचालक गेल्यावर बाई ओंजळीकडे बघत राहिल्या. तांबं धरून ठेवायचं तर विशिष्ट दोन अक्षरं लागतात. तांबं धरणाऱ्या सगळ्या घराण्यांत ती असतात, एखाद्या घराण्याच्या नाकासारखी. या ओंजळीत ती कुठेच नव्हती. यंत्राला खात्री होती ती आकाराची. तिथे काय बसतं, हे यंत्राला कोणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्याने नोंदणीत बघून तांबंच सांगितलं असतं.

मग बाईंनी एक असभ्य गोष्ट केली. या प्रथिनाची नेमणूक मुळात कोणी केली, हे त्या शोधायला बसल्या.

माणसातल्या प्रथिनाला तांबेवाहक म्हटलं होतं, कारण उंदरातलं तसंच प्रथिन तांबेवाहक होतं. उंदरातल्याला म्हटलं होतं, कारण माशातलं होतं. माशाचं पद यीस्टवरून आलं होतं, आणि यीस्टचं एका जिवाणूवरून. जिवाणूच्या नोंदीत लिहिलं होतं: तांबेवाहक, कारण माणसातल्या तांबेवाहकाशी साम्य.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सगळे एकमेकांच्या ओळखीवर नोकरीला लागले होते. कोणी कोणाला काम करताना पाहिलेलं नव्हतं. या वर्तुळाच्या आधारावर आणखी चारशेबारा प्रथिनांना तांबं वाहायला लावलं होतं. त्यांत गव्हातली होती, मधमाशीतली होती, आणि एका गोगलगायीचंही होतं.

पण वर्तुळालाही कुठेतरी तोंड असतं. जिवाणूच्या नोंदीची सर्वांत जुनी प्रत बाईंनी उघडली. त्यात मजकूर होता: 'तांब्याच्या खाणीतील पाण्यात आढळलेल्या जिवाणूमधील प्रथिन, काम अज्ञात.' वाक्य आठ अक्षरांपेक्षा लांब होतं. पहिल्या कात्रीत 'काम अज्ञात' गेलं. दुसऱ्या कात्रीत जिवाणू आणि पाणी गेलं. तिसऱ्या वेळी खाण गेली, आणि तांबं उरलं. पुढे एखाद्या कर्तव्यदक्ष माणसाला नुसतं 'तांबे' अपुरं वाटलं असावं. त्याने 'वाहक' जोडलं. (खाण कोळशाची असती तर आज त्या मुलीला काय खायला बंदी असती, याचा विचार बाईंनी करून पाहिला आणि सोडून दिला.)

दुसऱ्या दिवशी त्या तळघरात बाटलीवाल्या सरांकडे गेल्या. सर विभागातले शेवटचे असे शास्त्रज्ञ होते, जे प्रथिनं हातात घेऊन बघत. जनरेटरच्या शेजारी त्यांची खोली होती. बाहेर मोडक्या खुर्च्या रचलेल्या, त्यांमधून तिरकं होऊन आत जावं लागे. सरांचा स्वभावही तसाच होता.

"काय बिघडलं तुमच्या निळ्या चित्रांचं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. सर एक नळी धुवत ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मुलगी साडेपाच वर्षांची म्हणालात?"

"हो."

"मग दोन्ही बनवू. चांगलं आणि तिचं. पण एक अट. ही खोली कुठेही लिहायची नाही. अर्जात नाही, अहवालात नाही. कुठेच."

बाईंना हा माणूस भित्रा वाटला. त्यांनी मान हलवली.

प्रथिन बनवायला कित्येक आठवडे लागले. सरांनी साध्या जिवाणूंमध्ये ती अक्षरं घातली, रस्सा पाजून त्यांना वाढवलं, फोडलं, गाळलं. बाई दुपारी खाली जाऊन बसत आणि काहीच पडद्यावर दिसत नसल्यामुळे अस्वस्थ होत. एकदा त्यांनी विचारलं, "किती टक्के झालं?" सर म्हणाले, "हे भांडं आहे. ते टक्के दाखवत नाही."

अखेर एका सकाळी सरांनी त्यांना बोलावून घेतलं. काचेच्या नळीतून थेंब थेंब पडत होता.

"रंग बघा."

"पिवळा आहे."

"काहीही न घालता पिवळा. जिवाणूच्या पोटातूनच त्याने काहीतरी धरून आणलंय." सरांनी नळी उजेडात धरली. "तांबं घातलं, भरपूर घातलं. धरत नाही, सगळं सोडून देतं. शेजारी ओळखीचं तांबं धरणारं प्रथिन ठेवलं होतं, त्याने बरोबर धरलं. म्हणजे तांबं चांगलं आहे, पद्धत चांगली आहे. तुमच्या तांबेवाहकालाच त्यात रस नाही."

"मग हे पिवळं काय?"

"जीवनसत्त्व. ब गटातलं, औषधाच्या दुकानात गोळ्या मिळतात तेच. तपासून झालंय, दोनदा." मग त्यांनी दुसरी नळी काढली. ती पाण्यासारखी स्वच्छ होती. "हे मुलीचं. एक अक्षर बदललं, पकड सुटली. आता बघा." त्यांनी तिच्यात जीवनसत्त्वाचं दाट पाणी सोडलं, ढवळलं, पुन्हा गाळलं. जे उरलं ते फिकट पिवळं होतं, पण पिवळं होतं. "पकड ढिली आहे, गेलेली नाही. भरपूर दिलं तर धरतं."

बाई स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी हजारो प्रथिनांची घराणी लावली होती आणि एकही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ते पिवळं असू शकतं, हेच त्यांना नवीन होतं.

नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज बाईंनी त्याच दिवशी दिला. यथावकाश समिती बसली. समितीत संचालक होते, नोंदणीचे प्रतिनिधी होते, आणि एक बाहेरचे सदस्य होते, जे विभागाच्या इमारतीतल्या जागावाटपाचंही काम बघत. बाईंनी दोन्ही नळ्यांचे फोटो मांडले.

नोंदणीचे प्रतिनिधी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा प्रयोग एक आहे. तांबेवाहकाच्या बाजूने चारशेबारा नोंदी आहेत."

"त्या सगळ्या एकमेकींवरून उतरवलेल्या आहेत."

"म्हणजेच त्यांच्यात विसंगती नाही." प्रतिनिधींनी ते लिहून घेतलं. "तुमचं प्रथिन जीवनसत्त्व धरतं म्हणता. जीवनसत्त्व धरणाऱ्या कोणत्या ज्ञात प्रथिनाशी त्याचं साम्य आहे?"

"कोणत्याच नाही. हे नवीन घराणं आहे."

"मग कशावरून धरतं?"

"धरताना पाहिलं."

बाहेरचे सदस्य पुढे वाकले. "पाहिलं म्हणजे? कुठे पाहिलं? आपल्या इमारतीत अशी प्रयोगशाळा आहे?"

बाईंनी तोंड उघडलं, पण त्याआधीच संचालक बोलले. "तो मुद्दा गौण आहे. शास्त्र एकमतावर चालतं. एका पिवळ्या फोटोवरून चारशेबारा प्रथिनांना कामावरून काढता येणार नाही. अर्ज फेटाळावा असं माझं मत आहे." आणि मग नळ्यांचे फोटो उचलून त्यांनी स्वतःच्या फाइलमध्ये ठेवले.

अगदीच रिकाम्या हाती पाठवू नये म्हणून समितीने एक तडजोड केली. 'तांबेवाहक-सदृश संभाव्य जीवनसत्त्वधारक प्रथिन' अशी सुधारित नोंद मंजूर झाली. रकान्यात मावेल तेवढी ती छापली गेली. 'तांबेवाहक' मावलं.

बाई तिथून तडक इस्पितळात गेल्या. डॉक्टरांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, फोटोही मोबाइलवर पाहिले, आणि डोक्याला हात लावून बसले.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. "पण कागदावर हे तांबेवाहक आहे. कागदाच्या विरुद्ध औषध बदललं आणि काही झालं, तर मला कोण विचारणार नाही?"

"आणि कागदाप्रमाणे देत राहिलात आणि काही झालं तर?"

"तर कोणी विचारणार नाही," डॉक्टर म्हणाले. हे बोलून झाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला.

मुलीच्या आईवडिलांना त्यांनी आत बोलावलं. बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. अक्षरं, खाण, पिवळा रंग. वडील उभ्यानेच ऐकत होते.

"म्हणजे आता तुम्हाला नक्की माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

बाईंना हो म्हणायचं होतं. "नक्की नाही," त्या म्हणाल्या. "नळीत पाहिलंय. माणसात कोणी पाहिलेलं नाही."

"आणि तांब्याचं? ते कोणी पाहिलं होतं?"

"ते कोणीच पाहिलं नव्हतं."

"कुठेच?"

"कुठेच नाही."

आई म्हणाली, "मग आम्ही पोरीच्या तोंडातला घास का काढून घेत होतो?" तिचा आवाज चढला नाही. या प्रश्नासाठी विभागात कोणताही रकाना नाही.

शेवटी वाट डॉक्टरांनीच काढली. तांबं काढणारं औषध 'उलट्यांमुळे तूर्त स्थगित' केलं. 'सर्वसाधारण अशक्तपणासाठी' जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या, मात्र जरा सढळ हाताने. आहाराच्या रकान्यात 'मुलीच्या आवडीनुसार' असं लिहिलं. यातला एकही शब्द नोंदणीच्या विरोधात नव्हता.

पहिले काही आठवडे काहीच झालं नाही, फक्त उलट्या थांबल्या आणि लघवी गडद पिवळी झाली. मुलीला त्याचं फार कौतुक वाटे. ती नर्सला बोलावून दाखवत असे. मग एक दिवस ती खाटेवरून हात न देता उतरली. आईने कोणाला सांगितलं नाही, नजर लागू नये म्हणून नव्हे, तर डॉक्टर पुन्हा काहीतरी बंद करतील या भीतीने. उन्हाळा संपता संपता वडील तिला घेऊन विभागात आले. लिफ्ट चालू असताना ती जिन्याने वर आली, मधे दोनदा थांबत, कठडा धरून. बाईंच्या टेबलाशी येऊन तिने खिशातून अर्धवट वितळलेलं चॉकलेट काढलं आणि त्यातला लहान तुकडा त्यांना दिला. मोठा तिने स्वतःला ठेवला. बाई उठून खिडकीशी गेल्या आणि जरा वेळ बाहेरचं पार्किंग बघत उभ्या राहिल्या.

इस्पितळाने या प्रकरणाचा रीतसर अहवाल पाठवला. 'तांबेवाहक प्रथिनातील दोष असलेल्या रुग्ण बालिकेत उपचारांनंतर लक्षणीय सुधारणा.' अहवालात असत्य काही नव्हतं. नोंदणीने त्याची तत्परतेने दखल घेतली. तांबेवाहकाला आजवर फक्त नातेवाइकांचा पाठिंबा होता. आता प्रत्यक्ष रुग्णाचा पुरावा मिळाला. नोंदीपुढे 'सिद्ध' अशी हिरवी खूण आली, चारशेबारांच्या सहाशे नोंदी झाल्या, आणि अचूक कार्यनिश्चितीबद्दल विभागाला पुरस्कार मिळाला. संचालकांनी तो मनापासून स्वीकारला. भाषणात त्यांनी 'एकमत' हा शब्द अकरा वेळा वापरला.

वंशावळबाई समारंभातून उठून तळघरात गेल्या. खुर्च्यांमधून वाट काढताना साडी अडकली, ती त्यांनी ओढूनच सोडवली.

"या माणसाला लाज कशी वाटत नाही?" त्या म्हणाल्या. "भर समितीत माझा अर्ज फेटाळला. फोटोसुद्धा काढून घेतले. आणि आता हार घालून उभा आहे."

बाटलीवाल्या सरांनी चहाचं पाणी ठेवलं. "त्या बाहेरच्या सदस्याने काय विचारलं होतं तुम्हाला?"

"प्रयोग कुठे केला म्हणून."

"तो रिकाम्या खोल्या शोधत फिरतो. ही प्रयोगशाळा कधीच बंद झालेली आहे, कागदावर. वरून हुकूम आला होता. आपल्या संचालकसाहेबांनी बंद झाल्याचं कळवून टाकलं आणि खोली मोडक्या फर्निचरचं कोठार म्हणून दाखवली. दर पाहणीच्या आधी स्वतः खाली येतात, कोट काढून ठेवतात, आणि खुर्च्या दाराशी रचून जातात. आमची रसायनं झाडलोटीच्या सामानात येतात." सरांनी साखर घातली. "त्या दिवशी साहेबांनी तुमच्या बाजूने कौल दिला असता, तर प्रयोग कुठे झाला ते लिहावं लागलं असतं. आठवड्याभरात इथे मीटिंगची खोली झाली असती. ते फोटो इथेच आहेत, त्या कपाटात. जपून ठेवा म्हणाले."

बाई चहाचा कप हातात धरून उभ्या राहिल्या. "मला सांगायचं नाही का?"

"मी म्हटलं होतं. ते म्हणाले, बाई खऱ्या आहेत, अर्जात लिहून टाकतील."

"आणि तो पुरस्कार? तेही नाटक?"

"छे. तो त्यांना मनापासून आवडलाय," सर म्हणाले. "माणूस आहे. एकच काम करतो असं थोडंच आहे."

सध्या व्यवस्था अशी आहे. नोंदणीत ते प्रथिन तांबं वाहतं. अधूनमधून दूरच्या एखाद्या इस्पितळातून फोन येतो, की अशीच एक मुलगी आहे, किंवा मुलगा आहे, जिना चढवत नाही, तांबं काढायचं औषध सुरू केलंय. वंशावळबाई दार लावून घेतात, गोळ्यांचं नाव सांगतात, आणि हे लेखी मागू नका म्हणतात. ज्या डॉक्टरांना फोन करायचं सुचतं, त्यांची मुलं चालायला लागतात. बाकीच्यांबद्दल विभागाकडे आकडेवारी नाही. कामाचे तास संपले की बाई तळघरात जाऊन बसतात. त्यांना आता भांड्याला टक्के विचारायची सवय राहिलेली नाही.

संचालकांविषयीचा मजकूर वाचून ज्या वाचकांना थोडं आश्चर्य वाटलं, त्यांचं विभाग मनःपूर्वक अभिनंदन करतो. इस्त्रीचा कोट, दिनदर्शिका आणि एक लाडका शब्द, एवढ्या साम्यावरून तुम्ही त्यांचं काम पहिल्याच भेटीत ठरवून टाकलंत, आणि नंतर त्यांच्याकडे पुन्हा बघायची तुम्हाला गरज वाटली नाही. नेमकी हीच पात्रता आम्ही शोधत असतो. विभागात तूर्त तीन जागा भरायच्या आहेत. परीक्षा नाही, मुलाखत नाही. तुमच्यासारखं दिसणारं कोणी आधी इथे कामाला होतं का, एवढंच बघितलं जाईल.